खटल्याचा वाढदिवस

कोल्हापुरात वाढदिवस कुणाचाही होतो. बोकडाचा होतो, शर्यतीच्या बैलाचा होतो. मागच्या साली मी एका म्हशीचा केला होता, गॉगल घालून. पूर्णिमा डिजिटल हे फ्लेक्सचं दुकान माझं. बारा वर्षं मी या गावाला शुभेच्छा छापून देतेय, त्यामुळे कोण आणि कशाला, असलं काही मी विचारत नाही. नाव, फोटो, मापं आणि शुभेच्छुकांची यादी, बस्स. म्हणून श्यामलाक्का दुकानात येऊन "वाढदिवसाचा फ्लेक्स पायजे" म्हणाली, तेव्हा मान वर न करताच मी विचारलं, "कुणाचा?"

"माज्या केसचा. बुधवारी आठ वर्सं पुरी हुत्यात."

मग मात्र मी मान वर केली.

श्यामलाक्काचा मिरची कुटायचा डंक माझ्या दुकानापासून चार घरं सोडून आहे. उन्हाळ्यात अख्ख्या पेठेची चटणी तिच्याकडं कुटली जाते आणि अख्खी पेठ शिंकते. ती मिरची उजव्या हातानंच घालते. डाव्या हाताचं मनगट जरा वाकडं आहे आणि दोन बोटं मिटत नाहीत. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, राजवर्धननं, तो हात दाराच्या चौकटीत धरून दार आपटलं. एकदा नाही, तीनदा. रश्श्यात मीठ जास्त पडलं होतं म्हणे. असल्या बाबतीत कारण विचारायला जाऊ नये, मीठ कमी पडलं असतं तरी दार तेच होतं.

त्या दिवसापासून ती वेगळी राहते आणि तारखेला जाते. एकसष्ट तारखा झाल्या. कधी आरोपीचे वकील आजारी, कधी साहेब रजेवर, कधी फाईल सापडत नाही. राजवर्धन जामिनावर बाहेर, बुलेटवर बसून गावभर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण कुण्या मारकुट्या नवऱ्यानंच काढली असणार, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण डॉक्टरांची होती. ज्या डॉक्टरांनी तिचा हात बांधला आणि जखमांची नोंद केली, त्यांची साक्ष व्हायची राहिली होती. ते आता जयसिंगपूरला असतात. कोर्ट समन्स काढायचं, ते पोलिसांकडं यायचं, आणि दर वेळी शेरा मारून परत जायचं, 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आले नाहीत.' अकरा वेळा मिळून आले नाहीत.

"मी सोता जाऊन आलो की जयसिंगपूरला," श्यामलाक्का म्हणाली. "एसटी स्टँडाच्या म्होरं दवाखाना हाय. ह्यो एवढा बोर्ड, लायटिंगचा. डाक्टर म्हणालं, बाई, मी एकदा आपणहून आलतो, तर त्या दिशी तारीखच पडली. आता कागद आला की येतो. बरुबर हाय त्येंचं बी."

"मग आता?"

"मागल्या तारखेला जजसाहेब म्हणालं, ह्या टायमाला डाक्टर आलं न्हाईत, तर पुरावा बंद करतो. म्हंजी संपलं गं सगळं. माजा हात दारात सापडला असं लिवत्याल आणि ह्यो सुटंल. बुधवारच्या म्होरल्या मंगळवारी तारीख हाय."

हे ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. समन्स कुठं अडकत होतं हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राजवर्धन हा अमरसिंहभाऊंचा माणूस. अमरसिंहभाऊ म्हणजे आमचे भावी नगरसेवक. गेली दहा वर्षं भावीच आहेत, पण यंदा इलेक्शन लागणार म्हणून जोरात होते. आठ वर्षांपूर्वी श्यामलाक्का गळ्यात हात बांधून त्यांच्या ऑफिसात गेली होती, तर त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "वैनी, भांड्याला भांडं लागतंय. जमवून घ्या."

"फ्लेक्स लावून काय हुणार हाय, आक्का?" मी विचारलं.

"काय न्हाई हुणार. पर आठ वर्सं पोर पोसलं असतं, तर साळंत गेलं असतं. केस पोसली. तिचा वाडदिवस करायला नगं?" आणि ती हसली. ती हसली की समोरच्याला हसावंच लागतं. मलाही हसू आलं आणि मग आम्ही दोघी कामाला लागलो.

तो फ्लेक्स करताना जेवढी मजा आली, तेवढी म्हशीच्या वेळीही आली नव्हती. मधोमध तिच्या वकिलांकडच्या फायलीचा फोटो घेतला. फाईल चांगली गलेलठ्ठ, दोरीनं बांधलेली. तिला मी गॉगल लावला, गळ्यात हार घातला, पुढं केक ठेवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या लाडक्या केसला आठव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली, 'एकसष्ट तारखांचा टप्पा यशस्वीपणे पार. उदंड आयुष्य लाभो!' त्याखाली केसचा नंबर. राजवर्धनचं नाव नाही, कोर्टाला एक अक्षर वावगं नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, शुभेच्छाच दिल्यात की.

सगळ्यात खाली श्यामलाक्कानं एक ओळ सांगितली, ती मी लाल रंगात टाकली. 'साक्षीदार डॉक्टर जयसिंगपूर एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी कळवावे.'

"लाव माज्या डंकाच्या दारात," ती म्हणाली. "गिऱ्हाईक शिंकता शिंकता वाचत्याल."

आता माझी चूक सांगते. आठवड्यापूर्वीच भाऊंचा वाढदिवस झाला होता. बेचाळीस फ्लेक्स मी एकटीनं केले होते, सगळे एकाच फाईलवरून. शुभेच्छा देणाऱ्याचं नाव बदलायचं, त्याचा फोटो बदलायचा, पण वर कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ आणि खाली 'शुभेच्छुक : अमरसिंहभाऊ मित्र मंडळ' ही पट्टी कायम. श्यामलाक्काचा फ्लेक्सही मी त्याच फाईलवर बांधला. कॉम्प्युटरमध्ये चित्राचे एकावर एक थर असतात, नको तो थर झाकून ठेवायचा असतो. काम करताना मी भाऊंचा थर झाकला होता. छपाईला सोडताना हात सवयीनं गेला आणि तो पुन्हा उघडला. बेचाळीस वेळा केलेली गोष्ट त्रेचाळिसाव्या वेळी हातानं आपोआप केली. मी देवाशपथ सांगते, मुद्दाम केलं नाही. लोकांना अजून खरं वाटत नाही.

दुसरी चूक गुंडूची. फ्लेक्स बांधायचं काम गुंडू करतो. पन्नाशीचा माणूस, लिहिता-वाचता येत नाही, पण गावातला प्रत्येक खांब कुणाच्या मालकीचा हे त्याला तोंडपाठ. मी त्याला म्हटलं होतं, डंकाच्या दारात लाव. त्यानं गुंडाळी उघडली, वर भाऊंचा चेहरा बघितला आणि स्वतःशी ठरवलं की पूर्णिमाताई चुकली. भाऊंचा फ्लेक्स भाऊंच्या खांबावर. बुधवारी सकाळी सातला त्यानं तो चौकात बांधला, पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर.

नऊ वाजता दुकान उघडायला आले तर चौकात ही गर्दी. लोक मोबाईल काढून फोटो घेत होते, हसत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते. मी वर बघितलं. गॉगल लावलेली फाईल, केक, आणि कोपऱ्यात हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवक. माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात श्यामलाक्का तिखटाचे हात घेऊन धावत आली. "ह्यो बाबा माज्या फ्लेक्सवर कशाला? काढ आदी! जमवून घ्या म्हणनारा शुभेच्छा देतोय व्हय मला?"

"चुकून झालं गं आक्का."

"चुकून? मग काढ म्हणतो न्हवं!"

मी गुंडूला शिडीसकट बोलावलं. तो दोन पायऱ्या चढला असेल नसेल, समोरच्या ठाण्यातून हवालदार पळत आला.

"ए, उतर खाली! भाऊंच्या फ्लेक्सला हात लावतोस?"

"ह्यो माजा फ्लेक्स हाय," श्यामलाक्का म्हणाली.

"असू दे की तुमचा. फोटो भाऊंचा हाय न्हवं?"

मागून महापालिकेची गाडी आली. बेकायदा फ्लेक्स काढायची त्यांची मोहीम होती. चौकातले सगळे फ्लेक्स त्यांनी उतरवले, दहावीत पास झालेल्या एका पोरीचासुद्धा. आमच्या खांबाखाली उभं राहून त्यांनी वर बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि गाडी पुढं गेली. भरल्या गावात एकटी आमची केस दिमाखात उभी राहिली.

हवालदारानं आवाज खाली आणला. "वैनी, साहेबांनी आत बोलावलंय. जरा येता?"

मीही गेले सोबत. आठ वर्षांत श्यामलाक्काला त्या ठाण्यातला बाहेरचा बाकच माहीत होता. त्या दिवशी तिला खुर्ची मिळाली. साहेबांनी चहा सांगितला, पंखा तिच्याकडं वळवायला लावला आणि म्हणाले, "भाऊंनी आधी सांगायचं नाही का हो? आम्हाला काय माहीत, भाऊ तुमच्या बाजूनं आहेत ते."

श्यामलाक्कानं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. एक क्षण मला वाटलं, ही आता खरं सांगणार आणि मंगळवारी पुरावा बंद होणार. ती साहेबांकडं बघत राहिली, चहाकडं बघत राहिली.

"भाऊ लई बिझी असत्यात," ती शेवटी म्हणाली.

"ते आहेच. समन्स कुणाचं आहे?"

तिनं केसचा नंबर, कोर्ट, तारीख घडाघडा सांगितली. साहेबांनी हवालदाराला पाठवलं. साडेदहाला तो मोटारसायकलवर बसला आणि एकला परत आला. डॉक्टर पत्त्यावर मिळून आले होते. डॉक्टरांनी सही करताना विचारलं म्हणे, "पावणं, रस्ता सापडायला आठ वर्षं लागली का?" हवालदार हे सांगताना स्वतःच हसत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा कुणी मुद्दाम काखेत दाबून धरला असेल तर त्याला काय म्हणायचं?

दुपारी भाऊ आले. पांढरी गाडी दुकानासमोर थांबली आणि मला वाटलं, संपलं आपलं दुकान.

"ह्ये काय करून ठेवलासा, पूर्णिमाताई?" भाऊ दारातूनच ओरडले. मागं राजवर्धन उभा होता, तोंड आंबट करून. "मला इचारल्याबिगर माझा फोटो? आत्ताच्या आत्ता काढायचा! आणि मी जाहीर करणार हाय, माझा ह्येच्याशी काय बी संबंध—"

'न्हाय' त्यांच्या तोंडातच राहिलं. कारण गल्लीच्या तोंडाकडून बचत गटाच्या पस्तीस बायका येत होत्या. हातात नारळ, शाल, आरतीचं ताट. सकाळपासून फोटो मोबाईलवर फिरत होता आणि बायकांनी ठरवलं होतं की असल्या पुढाऱ्याचा सत्कार झालाच पाहिजे. पुढच्या बाईनं भाऊंना ओवाळलंच. "भाऊ, आजवर लई पुढारी बघितलं," ती म्हणाली, "पर मार खाल्लेल्या बाईच्या बाजूनं चौकात हुबारलेला तुमी पयला."

भाऊंनी बायकांकडं बघितलं. पस्तीस बायका, म्हणजे घरटी चार धरली तरी किती मतं होतात, हा हिशेब त्यांच्या कपाळावर उमटलेला मी डोळ्यांनी पाहिला. मग त्यांचे हात हळूहळू वर आले आणि बरोबर फ्लेक्सवरच्यासारखे जोडले गेले.

"भगिनींनो," ते म्हणाले, "आमी पयल्यापासून श्यामलावैनींच्या पाठीशी हाय."

आयत्या बिळावर नागोबा! पण मी कशाला बोलू? मी टाळ्या वाजवल्या.

"भाऊ, आणि माझं काय?" राजवर्धन मागून म्हणाला.

"तू गप बस," भाऊ ओठ न हलवता म्हणाले आणि शाल पांघरून घेतली. संध्याकाळपर्यंत राजवर्धनच्या बुलेटवरचं 'भाऊ' लिहिलेलं स्टिकर निघालं होतं. खरवडल्याची खूण तेवढी राहिली.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं आणि श्यामलाक्काबरोबर कोर्टात गेले. डॉक्टर आमच्या आधी येऊन बसले होते. साक्ष सुरू झाली. त्यांनी श्यामलाक्काचा हात हातात घेतला, जजसाहेबांना दाखवला, मनगटावरच्या तीन खुणा एकेक करून सांगितल्या. राजवर्धनच्या वकिलांनी विचारलं, "बाई पडल्यामुळं अशी दुखापत होऊ शकते ना, डॉक्टर?"

"होऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "पण मग बाईंना तीनदा पडावं लागेल. त्याच मनगटावर, त्याच कोनात, एकाच संध्याकाळी."

कुणीतरी मागं हसलं. जजसाहेबांनी वर बघितलं, मग खाली बघून सगळं लिहून घेतलं. आठ वर्षं जे घडत नव्हतं, ते पंचवीस मिनिटांत घडलं. युक्तिवादासाठी पुढची तारीख पडली, पण डॉक्टरांचं बोलणं आता कागदावर होतं आणि ते कुणाला पुसता येणार नव्हतं.

मी बाहेर येऊन नाचायची तेवढी बाकी होते. "आक्का, मिसळ खायला चल. नादच खुळा झाला आज!"

ती आली, मिसळही खाल्ली, वर तिखट रश्शाचा कट मागून घेतला. पण खाता खाता थांबली आणि डावा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"आठ वर्सं ह्यो हात घिऊन मी समद्यांच्या दारात गेलतो, पूर्णिमा. पोलिसांत दावला, कोर्टात दावला, त्या भाऊच्या ऑफिसात बी दावला. कुणाला दिसला न्हाई. आणि ह्येचा फोटू लांबनं दिसला सगळ्यांना."

मला फार राग आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळेना. मी तिच्या ताटात आणखी एक पाव ठेवला.

"रडाय काय झालं तुला?" ती म्हणाली. "काम झालं न्हवं? खा की."

फ्लेक्स पंधरा दिवस चौकात राहिला. मग गुंडूनं उतरवून श्यामलाक्काला दिला. तो आता तिच्या डंकावर, पत्र्याच्या गळक्या जागी पसरलेला आहे, भाऊंची बाजू पावसाकडं करून.

परवा दुकानात पन्हाळ्याकडची एक म्हातारी आली. धोंडुबाई तिचं नाव. हातात पिशवी, पिशवीत कागद. श्यामलाक्का तेव्हा माझ्याकडंच बसली होती.

"तुमीच का त्या फ्लेक्सवाल्या?" म्हातारीनं विचारलं. "माज्या लेकीची केस हाय. सहा वर्सं झाली. तसला फ्लेक्स आमाला बी पायजे, फोटूवाला."

"वाढदिवस कधी आहे केसचा?" मी विचारलं.

"ते काय मला ठावं न्हाई. पर तुमच्या ह्या भाऊंना आमच्या गावात कोण वळकत न्हाई, बाई. आमच्याकडं कुणाचा फोटू चालतोय, ते जरा इचारून टाका."

श्यामलाक्का मोठ्यानं हसली. हसता हसता उठली, आपल्या वाकड्या हातानं म्हातारीची पिशवी उचलली आणि तिला खुर्चीवर बसवलं. "बसा, मावशी. हितं आदी खुर्ची मिळती."

मी फाईल उघडली. केक होता, हार होता, गॉगल होता. वरच्या कोपऱ्यातल्या फोटोची जागा रिकामी होती. म्हातारी त्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

"फोटोचं मग बघू, मावशी," मी म्हटलं. "आधी लेकीचं नाव सांगा."